दुसऱ्या टप्प्यातील खडक : ‘वेस्टास विंड’ नौकेच्या अपघाताचा प्रकरण अभ्यास

29 नोव्हेंबर 2014 रोजी, सूर्य मावळून सुमारे तासभर झाला असताना, ‘वेस्टास विंड’ ही 65 फुटी शिडाची नौका हिंदी महासागरातील कार्गादोस काराहोस या प्रवाळ खडकांच्या रांगेवर आदळली. ‘व्होल्व्हो ओशन रेस’ या जगप्रदक्षिणेच्या शर्यतीचा केप टाउन ते अबू धाबी हा दुसरा टप्पा तेव्हा चालू होता आणि केप टाउन सोडून नौकांना दहा दिवस झाले होते. नौकेवर कप्तान ख्रिस निकोल्सन, मार्गनिर्देशक वाउटर फेरब्राक, इतर सहा दर्यावर्दी आणि चित्रीकरणासाठी नेमलेला एक वार्ताहर असे नऊ जण होते. सर्व जण सुखरूप सुटले. नौकेची मात्र सुकाणूची दोन्ही पाती तुटली, पिछाडी फुटली आणि ती खडकावर अडकून राहिली.

हा खडक अज्ञात नव्हता. मॉरिशसच्या ईशान्येस सुमारे 430 किलोमीटरवर असलेली, सेंट ब्रँडन या नावानेही ओळखली जाणारी ही रांग दर्यावर्दींना कित्येक शतकांपासून माहीत आहे आणि नौकेवरच्या संगणकातील सागरी नकाशातही ती होती. हवा अनुकूल होती, नौका पूर्ण धडधाकट होती, उपग्रहाद्वारे मिळणारे स्थान अचूक होते आणि निर्णय घेणारी माणसे आपल्या क्षेत्रातील अत्यंत अनुभवी माणसांपैकी होती. तरीही ती नौका, आपण चाळीस मीटर खोल पाण्यावरून जात आहोत अशा समजुतीने, थेट खडकावर गेली. नकाशा पुरेसा मोठा करून पाहिला नाही म्हणून अपघात झाला, असे या घटनेचे एका वाक्यात वर्णन केले जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. माझ्या मते या प्रकरणाचे मूळ समुद्रावरच्या त्या संध्याकाळीपेक्षा केप टाउनच्या धक्क्यावर अधिक आहे. मार्ग बदलण्याची मुभा मिळाली, तेव्हा त्या मार्गाची तपासणी नव्याने करण्याचे काम कोणाच्याच वाट्याला आले नाही, आणि टप्प्याटप्प्यांच्या शर्यतीची रचनाच अशी आहे की ते काम सहजपणे कोणाच्याही वाट्याला न येता राहून जाते.

शर्यत आणि संघ

1973 मध्ये ‘व्हिटब्रेड’ या नावाने सुरू झालेली ही शर्यत पूर्ण संघांसाठीची सर्वात प्रतिष्ठेची जगप्रदक्षिणा मानली जाते. 2014-15 च्या आवृत्तीत स्पेनमधील अलिकांतेपासून स्वीडनमधील गॉथेनबर्गपर्यंत नऊ टप्पे होते आणि एकूण अंतर सुमारे 38,700 सागरी मैल होते. सात संघ उतरले होते. या आवृत्तीपासून सर्वांना एकाच आराखड्याच्या, ‘व्होल्व्हो ओशन 65’ या प्रकारच्या नौका देण्यात आल्या. त्यामुळे एखाद्या संघाने पैशाच्या बळावर अधिक वेगवान नौका बांधून आणण्याची शक्यता संपली, खर्च कमी झाला आणि उशिरा आलेल्या संघालाही तयार नौका मिळू लागली. ‘वेस्टास विंड’ हा असाच सर्वात शेवटी आलेला संघ होता. त्याची घोषणा ऑगस्ट 2014 मध्ये झाली आणि शर्यत 11 ऑक्टोबरला सुरू झाली.

दोन महिन्यांहूनही कमी अवधीत संघ उभा करणे म्हणजे काय, हे नीट समजून घ्यायला हवे. दर्यावर्दी निवडणे, त्यांचा एकमेकांशी मेळ बसवणे, शिडे पारखणे, जेवणाचा आणि सुट्या भागांचा हिशेब, वैद्यकीय आणि सुरक्षेची प्रशिक्षणे, प्रायोजकांचे कार्यक्रम हे सगळे त्या अवधीत उरकावे लागते. मार्गनिर्देशकाने नऊही टप्प्यांच्या पाण्याचा आगाऊ अभ्यास करून ठेवणे हे काम बाकीच्यांना दिसत नाही आणि ते झाले नाही तरी नौका वेळेवर सुटते. म्हणूनच वेळ कमी पडला की पहिली काटछाट तिथेच होण्याचा धोका असतो. असे असूनही पहिल्या टप्प्यात या संघाने सातांपैकी चौथा क्रमांक मिळवला होता. संघ कच्चा होता, असे म्हणण्यास या निकालात काहीच आधार नाही.

पहिल्या टप्प्यातील विजेती नौका 5 नोव्हेंबरला केप टाउनला पोहोचली आणि दुसरा टप्पा 19 नोव्हेंबरला सुटला. मधले दोन आठवडे बाहेरून विश्रांतीचे वाटतात. प्रत्यक्षात त्याच काळात नौका पाण्याबाहेर काढून तपासली जाते, बंदरातील छोटी शर्यत होते, पाहुण्यांना घेऊन फेऱ्या माराव्या लागतात, आणि पंचवीस-सव्वीस दिवस अर्धवट झोपेवर काढलेल्या माणसांना शरीर पूर्ववत करायचे असते.

बदललेली निषिद्ध हद्द

अशा शर्यतीत आयोजक काही समुद्रभाग निषिद्ध ठरवतात. दक्षिणेकडील हिमनगांचा पट्टा हे त्याचे नेहमीचे उदाहरण. या दुसऱ्या टप्प्यात हिंदी महासागराच्या पश्चिम भागातील चाचेगिरीच्या भीतीमुळे एक मोठा भाग निषिद्ध होता आणि मूळ सूचनांनुसार कार्गादोस काराहोसचा परिसरही त्या हद्दीत येत होता. टप्पा सुरू होण्याच्या अगदी तोंडावर ही हद्द बदलण्यात आली. नौकांना हवामान पाहून मार्ग निवडण्याची अधिक मोकळीक मिळाली आणि जो भाग आतापर्यंत कोणाच्याही विचारात येण्याचे कारण नव्हते, तो अचानक शर्यतीचा रस्ता झाला.

या बदलाकडे मी या प्रकरणाची पहिली पायरी म्हणून पाहतो. हद्द बदलण्याचा निर्णय चुकीचा होता असे मुळीच नाही; आयोजकांनी तो सुरक्षेचा विचार करूनच घेतला होता. पण निषिद्ध हद्दीचा एक न लिहिलेला परिणाम असतो. ती रेषा चाच्यांपासून संरक्षण करते, आणि त्याच वेळी तिच्या आतील प्रत्येक खडक, प्रत्येक उथळ, प्रत्येक प्रवाह यांचा अभ्यास करण्याच्या जबाबदारीतून मार्गनिर्देशकाला मोकळे करते. रेषा सरकली की ती जबाबदारी परत येते. ती परत आल्याची नोंद मात्र सुधारित सूचनेत कुठेच नसते. सूचनेत अक्षांश-रेखांशांचे नवे आकडे असतात. या आकड्यांच्या आत आता काय काय आले आहे, हे शोधणे वाचणाऱ्यावर सोडलेले असते, आणि वाचणारा त्या वेळी शिडांची यादी, हवामानाचा शेवटचा अंदाज आणि सुटण्याची घाई यांत बुडालेला असतो.

व्यापारी जहाजांच्या जगात या क्षणासाठी ठरलेली पद्धत आहे. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने 1999 साली प्रवास-नियोजनासाठी जी मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली, त्यांत माहितीचे परीक्षण, आखणी, अंमलबजावणी आणि देखरेख असे चार भाग सांगितले आहेत. मार्ग बदलला की पहिल्या भागापासून पुन्हा सुरुवात करायची, हे त्यात गृहीत आहे. शर्यतीच्या नौकेला ही चौकट जशीच्या तशी लावता येत नाही, कारण तिचा मार्ग वाऱ्याप्रमाणे दर सहा तासांनी बदलतो. पण म्हणूनच तिथे एखाद्या रेषेचा अभ्यास करून भागत नाही. शक्य असलेल्या संपूर्ण पट्ट्याचा अभ्यास आधीच करून त्यातील धोके ठळकपणे खुणावून ठेवावे लागतात. हे काम जमिनीवर, मोठ्या पडद्यावर, झोप झालेल्या माणसाने आणि शक्यतो दोघांनी मिळून करायचे आहे.

पडद्यावरचे चाळीस मीटर

आता नकाशाच्या प्रश्नाकडे येऊ, कारण या प्रकरणाचा सर्वात बोधप्रद भाग तोच आहे. संगणकावरील सागरी नकाशा म्हणजे एकच चित्र लहानमोठे करून दाखवलेले नसते. तो वेगवेगळ्या प्रमाणांवर स्वतंत्रपणे तयार केलेल्या थरांचा संच असतो. आपण दृश्य लांबून पाहतो तेव्हा एक थर दिसतो, जवळ जातो तेव्हा दुसरा. दूरच्या थरात तपशील गाळलेले असतात, नाहीतर पडदा आकड्यांनी भरून जाईल. राज्याच्या नकाशावर गावातली विहीर दाखवत नाहीत, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच की सागरी नकाशा करणाऱ्यांची जुनी शिस्त अशी आहे की बाकी काहीही गाळा, जहाजाला घातक असलेली वस्तू गाळू नका. आणि शेजारी शेजारी पाण्याच्या खोलीचे दोन आकडे असतील तर त्यांतील कमी खोलीचा दाखवा. कागदी नकाशावर प्रत्येक प्रमाणासाठी हा निर्णय कोणी तरी माणूस विचारपूर्वक घेत असे.

‘वेस्टास विंड’वर वापरात असलेल्या संगणकीय नकाशात दूरच्या आणि मध्यम प्रमाणांवर ही शिस्त पाळली गेली नव्हती. तिथे खडकांची रांग खडक म्हणून दिसतच नव्हती. दिसत होता तो समुद्रतळाचा एक उंचवटा आणि त्यावर साधारण 40 ते 80 मीटर खोलीचे आकडे. या नौकेची कील, म्हणजे पोटाखाली खोल गेलेला आणि टोकाला शिशाचे वजन असलेला पंख, पाण्यात 4.78 मीटर उतरतो. चाळीस मीटर पाणी तिला मुबलक आहे. निकोल्सन आणि फेरब्राक यांच्यात या उंचवट्याविषयी बोलणेही झाले होते. समुद्रतळ असा वर आला की लाटा आखूड आणि उभट होतात, म्हणून तिथे पाणी कसे असेल याचा विचार त्यांनी केला आणि पुढे जाण्यास हरकत नाही असे ठरवले.

यावर क्षणभर थांबायला हवे, कारण त्यांनी त्या जागेकडे दुर्लक्ष केले असा जो समज आहे, तो इथे टिकत नाही. त्यांनी त्या जागेकडे पाहिले, प्रश्न विचारला आणि उत्तरही मिळवले. नकाशावर ती जागा कोरी असती, तर मार्गनिर्देशकाने बहुधा अधिक शोध घेतला असता. तिथे आकडा होता. आकडा मिळाला की शंका शमते, आणि शमलेली शंका माणूस पुन्हा उकरून काढत नाही. माहिती नसण्यापेक्षा अर्धी माहिती अधिक घातक ठरते ती अशी. आणखी काही वेळा जवळ जाऊन पाहिले असते तर संपूर्ण रांग, तिच्यातील बेटांसह, पडद्यावर उमटली असती, हेही तितकेच खरे आहे. फेरब्राक यांनी आपली ही चूक अपघातानंतर काही दिवसांतच जाहीरपणे स्वीकारली आणि निकोल्सन यांनी कप्तान म्हणून अंतिम जबाबदारी स्वतःकडे घेतली. दोघांच्या या वागण्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो, कारण त्यामुळे पुढची चौकशी कोण दोषी यावर न अडखळता काय घडले यावर होऊ शकली. त्याच ताफ्यातील इतर काही नौकांनाही हा धोका नकाशावर शोधणे जड गेले होते, ही बाबही विसरता येणार नाही.

याला आणखी एक पदर आहे. शर्यतीचा मार्गनिर्देशक दिवसातला बराचसा वेळ सागरी नकाशा पाहतच नाही. तो हवामान पाहत असतो. वाऱ्याच्या अंदाजाची माहिती आणि प्रत्येक वाऱ्यात नौका किती वेगाने जाते याचे कोष्टक एकत्र करून संगणक सर्वात जलद मार्ग काढून देतो. त्या गणिताला वारा कळतो, पाण्याची खोली आपण स्वतः सांगितल्याशिवाय कळत नाही. शेकडो मैलांचा वारा एकाच दृष्टिक्षेपात दिसावा म्हणून पडदा दूरच्या प्रमाणावर ठेवलेला असतो, आणि खडक दिसण्यासाठी तो अगदी जवळच्या प्रमाणावर न्यावा लागतो. एकाच माणसाच्या एकाच पडद्याकडून या दोन विरुद्ध मागण्या आहेत. शर्यत वाऱ्यावर जिंकली जाते, म्हणून लक्ष कुठे राहणार हे उघड आहे. त्यातच नौका ताशी तीस किलोमीटरच्या पुढे-मागे धावत असताना आतली खोली ओली, अंधारी आणि सतत हिंदकळणारी असते.

त्या रात्री

अपघाताच्या आधी मार्गनिर्देशक विश्रांतीसाठी गेले होते. चार-चार तासांच्या पाळ्यांमध्ये न बसणारा हा माणूस झोप घेतो ती दोन निर्णयांच्या मध्ये जशी मिळेल तशी. उंचवट्याची शंका मिटलेली असल्यामुळे झोपायला हीच वेळ योग्य होती. डेकवर असलेल्यांना समोर फेसाळणाऱ्या लाटा दिसण्याची शक्यता अत्यल्प होती. साधे गणित करून पाहावे : 16 नॉट वेगाने जाणारी नौका सेकंदाला आठ मीटरहून अधिक अंतर कापते, म्हणजे दोनशे मीटरवर अंधारात काही पांढरे दिसले तरी हातात पंचवीस सेकंदही उरत नाहीत. खोली मोजणारे यंत्रही अशा जागी फारसे उपयोगी पडत नाही, कारण महासागरातील प्रवाळ खडक खोल पाण्यातून जवळजवळ भिंतीसारखे वर येतात.

नौका आदळली, गर्रकन फिरली आणि प्रत्येक लाटेबरोबर खडकावर आपटू लागली. इथून पुढे या संघाने जे केले ते प्रशिक्षणाच्या वर्गात शिकवण्याजोगे आहे. घाईने समुद्रात उडी घेण्याऐवजी त्यांनी नौकेवरच थांबण्याचा निर्णय घेतला. पिछाडीत पाणी शिरत होते, तरी जलरोधक भिंतींमुळे पुढचा भाग आसरा देत होता. बाहेर मात्र अंधार, फुटणाऱ्या लाटा आणि धारदार प्रवाळ होते. मॉरिशसच्या किनारी यंत्रणेशी आणि अलिकांते येथील शर्यत नियंत्रण कक्षाशी संपर्क झाला. जवळच असलेली ‘अल्व्हिमेडिका’ ही प्रतिस्पर्धी नौका, चार्ली एनराइट यांच्या नेतृत्वाखाली, शर्यत बाजूला ठेवून तिकडे वळली आणि रात्रभर खडकांच्या सुरक्षित बाजूला थांबून बिनतारी यंत्रावरून सोबत करत राहिली. संकटातील माणसाला शक्य ती सर्व मदत करणे हा नौकानयन शर्यतीच्या नियमावलीतील पहिलाच नियम आहे. मदतीत गेलेल्या वेळेची भरपाई मागण्याची सोयही त्याच नियमावलीत आहे आणि ‘अल्व्हिमेडिका’ला ती मिळाली. मदत करणाऱ्याला शिक्षा होऊ नये, ही व्यवस्था किती दूरदृष्टीची आहे हे अशा रात्रीच कळते.

पहाटेपूर्वी नौका तुटण्याची लक्षणे दिसू लागल्यावर नऊही जण तराफे घेऊन उतरले, खडकाच्या आतील बाजूच्या उथळ पाण्यातून चालत कोरड्या भागावर पोहोचले आणि उजाडल्यावर तटरक्षकांच्या लहान बोटीने त्यांना रांगेतील इल द्यु स्यूद या बेटावर नेले. पुढच्या दोन दिवसांत ते नौकेवर परत गेले ते इंधन, दोर, शिडे आणि उपकरणे काढून आणण्यासाठी. ती जागा प्रवाळ आणि समुद्रपक्ष्यांचे घर आहे आणि तिथे तेल सांडू नये याची काळजी त्यांनी, स्वतः नुकतेच मरणातून वाचलेले असताना, घेतली. मॉरिशसला ते एका मासेमारी जहाजाने परतले.

नौका तिथेच सोडून देणे सोपे होते. संघाच्या किनारी पथकाने डिसेंबरमध्येच ती खडकावरून सोडवली, आतील शांत पाण्यातून ओढत नेली आणि मालवाहू जहाजावर चढवली. इटलीत बेर्गामो येथील पर्सिको कारखान्यात ती पुन्हा बांधली गेली. सर्व नौका एकाच आराखड्याच्या असल्यामुळे साचे उपलब्ध होते, हा त्या धोरणाचा अनपेक्षित लाभ. जून 2015 मध्ये लिस्बनहून सुटणाऱ्या आठव्या टप्प्यासाठी ती पुन्हा पाण्यात होती आणि लोरियाँपर्यंतच्या त्या टप्प्यात दुसरी आली.

आयोजकांनी सांगायला हवे होते का?

शर्यत संयोजकांनी या घटनेची चौकशी स्वतंत्र समितीकडे सोपवली. ऑस्ट्रेलियन नौदलातील निवृत्त रिअर ॲडमिरल ख्रिस ऑक्सनबोल्ड अध्यक्ष होते. 2005-06 ची हीच शर्यत जिंकणाऱ्या नौकेचे मार्गनिर्देशक स्टॅन हनी आणि सागरी सुरक्षेचे जाणकार चक हॉली हे सदस्य होते. 9 मार्च 2015 रोजी अहवाल प्रसिद्ध झाला. संगणकीय नकाशा व अन्य मार्गदर्शक माहितीचा सदोष वापर, त्यामुळे धोका ओळखता न येणे, आणि दूरच्या व मध्यम प्रमाणांवर धोका दाखवण्यात नकाशाच्याच मांडणीत राहिलेली उणीव, ही कारणे त्याने स्पष्टपणे मांडली. अहवाल सर्वांसाठी खुला ठेवला गेला, हे मला त्यातील निष्कर्षांइतकेच महत्त्वाचे वाटते. स्पर्धात्मक खेळात प्रायोजकाचे नाव नौकेवर रंगवलेले असताना असे खुलेपण सहज मिळत नाही.

त्यानंतर जो वाद सुरू झाला तो आजही पूर्ण मिटलेला नाही. नियंत्रण कक्षात सातही नौकांची स्थाने दिसत होती. मग खडकाच्या दिशेने चाललेल्या नौकेला कोणी सावध का केले नाही? बाहेरील मदत घेऊ नये हा नियम आडवा येतो, असे उत्तर अनेक जण देतात. ते बरोबर नाही. नियमातच, हितसंबंध नसलेल्या स्रोताकडून न मागता मिळालेली माहिती घेण्यास मुभा आहे. खरी अडचण निराळी आहे. नियंत्रण कक्ष एकदा सावध करू लागला की सावध न करणे म्हणजे सर्व ठीक आहे असा अर्थ निघू लागतो, आणि ज्याच्या हातात सुकाणू नाही त्याच्यावर मार्गाची जबाबदारी येऊन पडते. शर्यतीत उतरायचे की नाही आणि उतरल्यावर पुढे जायचे की नाही हा निर्णय सर्वस्वी नौकेचा, हे तत्त्व त्यामुळे ढिले होते. तरीही मला वाटते की नऊ जिवांपुढे या आक्षेपाचे वजन कमी आहे. ठरावीक घातक जागांभोवती आधीच रेषा आखून ठेवायच्या आणि कोणतीही नौका त्या रेषेजवळ आली की आपोआप इशारा वाजवायचा, हे तंत्रज्ञानाच्या दृष्टीने मुळीच अवघड नाही. इशारा मिळेलच याची हमी संघांना दिलेली नाही, एवढे लेखी स्पष्ट केले की जबाबदारीचा प्रश्नही बराचसा सुटतो.

तुलनेसाठी एक दुसरे प्रकरण थोडक्यात पाहण्यासारखे आहे. हौशी दर्यावर्दींसाठीच्या ‘क्लिपर’ या बहुटप्पी जगप्रदक्षिणेत 31 ऑक्टोबर 2017 रोजी एक नौका केप टाउनहून निघाल्यावर काही तासांतच केप द्वीपकल्पाच्या खडकांवर चढली. सर्व माणसे वाचली, नौका गेली. तिथे नकाशाचा दोष नव्हता, समुद्रही अनोळखी नव्हता. संपूर्ण भार एकाच व्यावसायिक कप्तानावर होता. तो डेकवर माणसांच्या मदतीत गुंतलेला होता आणि नकाशाचा पडदा खाली आतल्या खोलीत होता. तपशील वेगळे असले तरी दोन्ही प्रकरणांत तपासणीचे काम अशा एका माणसाकडे होते, ज्याला त्याच वेळी दुसरे अधिक निकडीचे काम होते.

काम कोणाचे आणि केव्हाचे

यापुढे अशा टप्प्यासाठी काय करावे, याविषयी माझे मत बरेच ठाम आहे. सुधारित सूचना निघाली की तिच्यासोबत, नव्याने खुल्या झालेल्या भागातील बेटे, खडक आणि उथळे यांची यादी आयोजकांनीच द्यावी. सर्व संघांना एकच यादी दिल्याने स्पर्धेच्या समतेला धक्का पोहोचत नाही, आणि सात मार्गनिर्देशकांनी सात वेळा घाईत करायचे काम एकदाच शांतपणे होते. सुटण्यापूर्वीच्या बैठकीत हवामानाला जसा वेळ मिळतो तसा या यादीलाही मिळावा.

संघाने आपल्या बाजूने ती यादी संगणकात धोक्याचे वर्तुळ म्हणून उतरवून घ्यावी. एकदा उतरवलेले वर्तुळ नकाशाचा थर बदलला तरी नाहीसे होत नाही, आणि वाऱ्याचा मार्ग काढणाऱ्या गणितालाही तो भाग वर्ज्य आहे असे सांगता येते. हे काम किनाऱ्यावरच्या पथकातील माणसाने करावे आणि मार्गनिर्देशकाने तपासावे. उलट क्रमाने झाले तर तपासणाऱ्याला समुद्राची सवय नसते आणि करणाऱ्याला वेळ नसतो. समुद्रावर असताना मार्गाच्या पुढच्या बारा तासांचा पट्टा नकाशाच्या सर्वात जवळच्या प्रमाणावर सलगपणे सरकवून पाहणे, आणि ते पाहिल्याची नोंद पाळी बदलताना वहीत करणे, एवढे काम मार्गनिर्देशकाखेरीज आणखी एका माणसाला शिकवलेले असावे. त्याला हवामान कळण्याची गरज नाही. मार्गनिर्देशक झोपायला गेला असता ती नोंद पाहूनच पाळीच्या प्रमुखाने अंधारात पूर्ण शिडे ठेवायची की वेग कमी करायचा हे ठरवावे, आणि नोंद नसेल तर त्याला उठवावे.